डावरीची कात्री

मास्तरांचा उजवा हात गेला, तेव्हा तो एका कोटाच्या डाव्या बाहीवर होता. बाही अर्धी कापून झाली होती. कात्री एकाएकी जड झाली, टेबलावर आडवी पडली आणि तिच्या पाठोपाठ मास्तरही. शिलाईची मशिनं एकेक करून थांबली. लोकांनी उचललं तेव्हा मास्तर तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. सगळ्यांना वाटलं, देवाचं नाव घेताहेत. प्रत्यक्षात ते म्हणत होते, "आधी कापड उचला, सुरकुत्या पडतील."

असा हा माणूस. तीस वर्षं एकाच कारखान्यात कटिंग मास्तर. शिवणारे दहा जण होते, पण कोटाचं कापड कापायचं ते फक्त मास्तरांनी. शिवण चुकली तर उसवता येते, कापलेलं कापड परत जोडता येत नाही, हे ते येता-जाता ऐकवायचे. रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाकडे नुसतं बघून त्याचा कुठला खांदा उतरता आहे ते सांगायचे. त्यांच्या कात्रीला जितकी धार, तितकीच जिभेला. कापड कधी वाया गेलं नाही, माणसं मात्र बरीच दुखावली.

अर्धांगाचा झटका होता. जीव वाचला. जीभ महिन्याभरात सुटली, आणि सुटल्या सुटल्या तिनं नर्सच्या गणवेशाची कॉलर वाकडी असल्याचं सांगून टाकलं. उजवा पाय काठीच्या आधारानं हळूहळू कामाला लागला. हात मात्र खांद्याला नुसता लोंबत राहिला. व्यायाम करून घेणाऱ्या बाई दोन महिने येत होत्या. शेवटच्या दिवशी त्या म्हणाल्या, "काका, या हाताकडून आता फार अपेक्षा ठेवू नका. डाव्याला शिकवा."

मास्तरांनी तोंड फिरवून घेतलं. बायको मात्र दुसऱ्याच दिवशी कामाला लागली. तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा सरकवल्या.

"हे काय चाललंय?" मास्तरांनी विचारलं.

"कारखान्यातलं टेबल एवढंच उंच आहे ना? तुमच्या कमरेला लागायचं ते. मी डबा घेऊन यायची तेव्हा बघितलंय."

"अगं, आता कुठला कारखाना घेऊन बसलीस?"

"तुम्ही उभं राहायची सवय करा. बाकी देव बघेल."

देव बघेल, हे तिचं ठरलेलं वाक्य. पण ती सगळं देवावर सोपवून बसणारी बाई नव्हती. सकाळी दोन मिनिटं डोळे मिटून हात जोडायची, आणि डोळे उघडले की पदर खोचून उरलेलं काम स्वतः करायची. दर आठवड्याला ती मास्तरांचा कामाचा ॲप्रन धुवायची, इस्त्री करायची आणि खिशात मोजायची टेप घालून दारामागे टांगून ठेवायची. महिनोन् महिने तो कुणी घातला नव्हता, तरी धुवायची. मास्तरांच्या डोळ्यांत तो ॲप्रन खुपायचा. एकदा वैतागून ते म्हणाले, "कशाच्या जोरावर एवढा विश्वास आहे गं तुझा?"

"तीस वर्षं तुमच्या हट्टीपणाशी संसार केलाय," ती म्हणाली. "तो काय एका झटक्यानं जाणारे?"

मग मास्तर उभे राहायला लागले. पहिल्या दिवशी चहाला उकळी येईपर्यंत. पंधरा दिवसांनी भात होईपर्यंत. तिसऱ्या महिन्यात दोन्ही वेळचा स्वयंपाक आटपेपर्यंत ते टेबलाशी उभे राहू लागले. डाव्या हातात खडू धरून जुन्या चादरींवर रेघा मारायच्या. सुरुवातीच्या रेघा बघून त्यांना स्वतःचीच लाज वाटायची. पण रेघ सुधारली. सरळ रेघ आधी, मग कोपरे, मग कॉलरची वळणं. चौथा महिना संपता संपता मुंढ्याचा गोल, म्हणजे बाही खांद्याला जिथे जोडतात ते वळण, डाव्या हातानं असं उतरलं की बायको भाजी चिरायची थांबून बघत राहिली. मास्तर त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

आणि मग त्यांनी कात्री हातात घेतली.

त्यांची स्वतःची कात्री. जड, लांब पात्यांची, पंचवीस वर्षं वापरलेली. डाव्या हातात धरली, जुन्या चादरीवर लावली आणि दाबली. कापड कापलंच नाही. दोन पात्यांच्या मधे दुमडून बसलं. पुन्हा दाबली, पुन्हा तेच. जोर लावला तेव्हा कापड फाटलं, पण कड उंदरानं कुरतडावी तशी. मास्तरांनी कात्रीला धार लावून आणली. तेच. रोज सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, पाच आठवडे. घरातल्या चादरी संपल्या. एक दिवस बायको बाजारातून आली तर खिडकीला पडदा नव्हता. तिनं समोरच्या घराकडे बघितलं, एक सुस्कारा सोडला आणि खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलं. अंगठ्याच्या मुळाशी फोड आला, फुटला, पुन्हा आला. कापड काही कापलं जाईना.

त्यातच कारखान्याचे मालक भेटायला आले. माणूस वाईट नव्हता. आठ महिने त्यांनी मास्तरांचं टेबल रिकामं ठेवलं होतं, कापायचं काम बाहेर देऊन कसंबसं निभावलं होतं. चहा अर्धा झाल्यावर ते मुद्द्यावर आले.

"मास्तर, पहिल्या तारखेपासून नवा माणूस ठेवावा लागेल. माझाही नाइलाज आहे. तुम्ही या ना, टेबलाशेजारी खुर्ची टाकतो. बसून त्याच्यावर लक्ष ठेवा."

"बसून?" मास्तर म्हणाले. "त्या टेबलाशी मी कधी बसलो नाही. उभा राहीन, नाहीतर येणार नाही."

मालकांनी एकदा त्यांच्या लोंबत्या हाताकडे बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली. "बरं, मग असं करू. पहिल्या तारखेला सकाळी या. माझ्याच कोटाचं कापड देतो. कापून दाखवा. जमलं तर टेबल तुमचं. नाही जमलं, तर माझ्यावर राग धरू नका."

मालक गेले. पहिली तारीख अकरा दिवसांवर होती. मास्तर उठून टेबलाशी गेले, बायकोची जुनी ओढणी पसरली, कात्री लावली. ओढणी दुमडून पात्यांत बसली, जोर लावला तेव्हा एक कुरतडलेला तुकडा फाटून निघाला. त्यांनी कात्री भिरकावली ती थेट भांड्यांच्या मांडणीवर. धडाधड भांडी पडली. मास्तर खुर्चीत कोसळले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

"देवानं मला चोख उत्तर दिलं बघ," थोड्या वेळानं ते म्हणाले. "त्या पोरीला मी काय म्हणालो होतो, आठवतं? हात देव देतो, तुला दिला नाही. आता माझाच काढून घेतला."

ती पोरगी म्हणजे डावरी. नाव वेगळं होतं, पण डावखुरी म्हणून मास्तरांनीच तिला हे नाव पाडलं आणि कारखान्याभर तेच झालं. अकरा वर्षांपूर्वी ती कटिंग शिकायला आली होती. समज चांगली, मापं तोंडपाठ, खडूची रेघ सुरेख. पण कात्री हातात घेतली की कापडाची वाट. आठ महिने मास्तरांनी तिला पाण्यात बघितलं. एकदा तिनं गिऱ्हाइकाच्या कापडाची कड चावल्यासारखी करून ठेवली, तेव्हा सगळ्यांसमोर त्यांनी ते वाक्य ऐकवलं आणि तिला दरवाजा दाखवला.

बायको पडलेली भांडी गोळा करत होती. तिनं ओढणीचा तो तुकडा उचलला, त्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि तशीच उभी राहिली. अशी कड तिनं आधी बघितली होती. कामावरून काढलं त्या दिवशी ती पोरगी रडत त्यांच्या मागच्या दाराशी आली होती, आणि हातात असाच एक तुकडा होता. "काकू, मी मुद्दाम नाही हो केलं," म्हणत होती. काकूंनी तिला पाणी दिलं होतं आणि नवऱ्याला यातलं काही सांगितलं नव्हतं.

बायकोनं चपला घातल्या. "आलेच," म्हणाली आणि तुकडा घेऊन बाहेर पडली.

तासाभरानं ती परतली तेव्हा बरोबर तिशी ओलांडलेली एक बाई होती. गळ्यात टेप, बाहीला टोचलेल्या टाचण्या. तीन गल्ल्या पलीकडे तिचं स्वतःचं दुकान होतं, शाळांचे गणवेश शिवायचं. मास्तरांनी तिला ओळखलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं नमस्कार केला नाही, बसलीही नाही.

"अंगठा दाखवा," ती म्हणाली.

मास्तरांनी डावा हात पुढे केला. मुळाशी फुटलेला फोड, त्याच्याभोवती घट्टा. तिनं आपला डावा हात त्याच्या शेजारी धरला. तिच्याही अंगठ्याच्या मुळाशी, बरोबर त्याच जागी, जुना पांढरा वण होता.

"तीन वर्षं," ती म्हणाली. "कारखान्यातून गेल्यावर मी तीन वर्षं घरी तसंच कापत राहिले. मला वाटायचं, तुम्ही म्हणता ते खरं असेल. मला हातच नाही."

तिनं जमिनीवरची कात्री उचलली आणि दोघांच्या मधे धरली. "ही उजव्या हाताची कात्री आहे, मास्तर. दाबताना आपला अंगठा आपोआप बाहेर ढकलला जातो. उजव्या हातात त्यानं पाती एकमेकांना घासतात, म्हणून कापतात. डाव्या हातात त्याच ढकलण्यानं ती सुटी होतात. मधे फट पडते आणि कापड त्या फटीत जातं. हाताचा काही दोष नाही."

चाळीस वर्षं कात्री धरलेल्या माणसाला कात्रीबद्दल एवढं माहीत नसावं, याचं कुणालाही हसू येईल. पण मास्तरांनी कात्री कधी डाव्या हातात घेतलीच नव्हती, आणि ज्या एका माणसानं घेतली होती त्याला त्यांनी हाकलून दिलं होतं. मग कळणार कुठून? डावरीला तरी धार लावणाऱ्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं. तो स्वतः डावखुरा होता. त्यानंच तिला उलट्या पात्यांची कात्री घडवून दिली. पहिली बिघडली, दुसरी जमली.

तिनं पिशवीतून ती कात्री काढून टेबलावर ठेवली. "कापा."

मास्तरांनी ओढणी पसरली. कात्री लावली, दाबली. 'कर्र' असा लांब, सलग आवाज आला. आठ महिन्यांत त्यांनी तो ऐकला नव्हता. ओढणीचे दोन भाग झाले, कड सुरीनं कापल्यासारखी. मास्तरांनी कड डोळ्यांजवळ नेली. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण डावरीनं बोलू दिलं नाही.

"अजून वळणं बाकी आहेत. उद्या दुपारी येते. माझी मशिनं तेव्हा तासभर बंद असतात."

ती रोज आली. कात्री आणायची आणि जाताना घेऊन जायची, कारण तिच्याकडे ती एकच होती. दहा दिवस तिनं मास्तरांना मास्तरांच्याच भाषेत शिकवलं. "कापताय की मारामारी करताय?" "वळणावर श्वास सोडू नका, हात हलतो." "पुन्हा." ही सगळी वाक्यं मास्तरांची स्वतःची होती, अकरा वर्षांपूर्वी तिला ऐकवलेली. बायको चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसायची. मास्तर मान खाली घालून पुन्हा कापायचे.

एकच अडचण सुटत नव्हती. कात्री चालवताना दुसऱ्या हातानं कापड दाबून धरावं लागतं, आणि दुसरा हात तर निकामी. कापड सरकायचं. डावरीनं इस्त्री ठेवून बघितली, विटा ठेवून बघितल्या. सातव्या दिवशी मास्तरांनी स्वतःच उपाय काढला. डाव्या हातानं उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि कापडावर ठेवून दिला. वजनदार हात, पसरलेला पंजा. कापड जागचं हललं नाही.

"ऐतखाऊ कुठचा," मास्तर त्या हाताला म्हणाले. "निदान पडल्या पडल्या तरी काम कर."

डावरी तेव्हा पहिल्यांदा हसली.

पहिल्या तारखेला सकाळी मास्तरांनी दारामागचा ॲप्रन अंगात चढवला. बायकोनं मागून नाडी बांधली. गाठ दोनदा तपासून ती म्हणाली, "डबा दुपारी आणते, नेहमीसारखा." डावरी कारखान्याच्या पायरीपर्यंत आली, कात्री मास्तरांच्या हातात दिली आणि तिथेच बसली. आत यायला तयार नव्हती. "इथेच थांबते. कात्री परत न्यायचीये."

आत टेबल पुसून ठेवलेलं होतं. करड्या रंगाचं जाड लोकरी कापड, मालकांच्या कोटाचं. मशिनं बंद करून सगळे बघायला उभे राहिले. मास्तरांनी काठी टेबलाला टेकवली. मालकांचं माप घेतलं, खडूनं आखणी केली. रेघा बघून कुणीतरी हळूच "वा" म्हणालं. मग मास्तरांनी कात्री उचलली. चादर आणि ओढणी वेगळी, आणि हे कापड वेगळं. हे चुकलं तर परत जोडता येणार नव्हतं.

उजवा हात उचलून त्यांनी कापडावर ठेवला. कात्री लावली.

'कर्र.'

पाठीचा भाग निघाला. पुढचे दोन भाग निघाले. उजवा पाय अवघडून आला होता, पण त्यांनी खुर्चीकडे बघितलंसुद्धा नाही. मुंढ्याच्या वळणाला ते क्षणभर थांबले, श्वास घेतला आणि एका दमात गोल उतरवला. शेवटी बाह्या. डावी बाही सुरू केली तेव्हा त्यांना आठवलं की मागच्या वेळी आपण इथेच थांबलो होतो. या वेळी ती पूर्ण झाली.

मालकांनी एकेक भाग उचलून उजेडाकडे धरला, कडा तपासल्या, दोन्ही पुढचे भाग एकमेकांवर ठेवून बघितले. मग त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "टेबल तुमचं," ते म्हणाले. मग पुन्हा कडांकडे बघत म्हणाले, "पण डावा हात एवढा तयार केला कुणी? दवाखान्यात हेही शिकवतात की काय?"

"माझ्या मास्तरांनी."

"तुमचे मास्तर? ते जाऊन वीस वर्षं झाली!"

"ते उजव्या हाताचे. डाव्या हाताच्या मास्तर बाहेर पायरीवर बसल्यात."

काठी टेकत ते दरवाजापर्यंत गेले. डावरी उठून उभी राहिली. मास्तर वळले आणि आतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. "अकरा वर्षांपूर्वी या टेबलासमोर मी हिला म्हणालो होतो, हात देव देतो, तुला दिला नाही. ते साफ चूक होतं. हिला हात होता. मला कात्री कळत नव्हती. माझ्यामुळे हिची तीन वर्षं फुकट गेली. मला माफ कर, पोरी."

डावरीनं उंबरठ्याकडे बघितलं आणि आत आली. सरळ टेबलाशी गेली. कापलेल्या भागांवरून तिनं बोट फिरवलं, आणि डाव्या मुंढ्याच्या वळणावर ते थांबलं. "इथे श्वास सोडलात."

"सोडला," मास्तर म्हणाले.

तिनं आपली कात्री उचलली, पुसली आणि पिशवीत ठेवली. मास्तरांचा चेहरा पडला. तिची कात्री आज ना उद्या परत जाणार, हे त्यांना माहीत होतं, पण उद्यापासून आपण कशानं कापायचं, हा विचार या धांदलीत त्यांच्या मनातच आला नव्हता. तिनं त्याच पिशवीतून कापडात गुंडाळलेली दुसरी कात्री काढली. नवी कोरी, लांब पात्यांची, डाव्या हाताची.

"ही तुमची. म्हाताऱ्यानं आज सकाळीच दिली. त्याला घडवायला दहा दिवस लागतात."

मास्तरांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे तू पहिल्याच दिवशी सांगून ठेवलीस? तेव्हा तर मला एक वळणही धड कापता येत नव्हतं. हे जमणार म्हणून तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचंय काय त्यात," डावरी म्हणाली. "हात होता ना."